पोरांना घेऊन कॅफेत: गरज की नुसते चोचले?

महाबळची सूनबाई
जळगावात आमच्या कॉलनीजवळ एक छोटं कॅफे निघालंय, खास लहान मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी. चपला बाहेर काढायच्या. आत एका कोपऱ्यात गादी, लाकडी ठोकळे, चित्रांची पुस्तकं. टीव्ही नाही, मोबाईलवर गाणी लावलेली नाहीत. बाळाला बसवायची उंच खुर्ची आहे. खायला नाचणीचं धिरडं, मुगाचा डोसा, केळं-दह्याची वाटी, ज्वारीच्या पिठाचा केक. मैदा नाही.

मी दीड वर्षाच्या लेकीला घेऊन गेले. बिल साडेतीनशे. घरी यावरून बरंच ऐकून घेतलं, म्हणून इथे विचारतेय. माझं म्हणणं असं, की मी पैसे धिरड्याचे दिलेच नाहीत, तासभर निवांत बसायच्या जागेचे दिले. मे महिन्यात पारा ४४ वर गेला की मेहरूणच्या तलावावर काय, गल्लीतसुद्धा पोरीला काढता येत नाही. आधी ज्या हॉटेलांत जायचो तिथे ती रडली की सगळं हॉटेल माझ्याकडे बघायचं. मग आईने चार महिने घरातच बसायचं का?

सावदेकर
केळं-दह्याची वाटी कितीला?

महाबळची सूनबाई
१२० ला.

सावदेकर
झालं मग! आमची केळीची बाग आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढे वाटले होते लोकांनी. भाव पडला की घड उतरवायची मजुरीसुद्धा अंगावर येते. त्याच केळ्याच्या चार चकत्या दह्यात टाकून वर दोन डाळिंबाचे दाणे ठेवले की १२० रुपये. हे चोचले नाहीत तर काय? घरी डब्यात केळं घ्या, भाऊंच्या उद्यानात संध्याकाळी जाऊन बसा.

धुळ्याचा मामा
मला पैशाचं नाही, वेगळंच खटकतंय. पोरांसाठी वेगळं ताट, वेगळी चव, वेगळं हॉटेल. मग तेच पोर सहा वर्षांचं झालं की कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी बघून तोंड वाकडं करतं. आम्ही भरीत-भाकरीवर वाढलो. भरताच्या वांग्यांच्या हंगामात शेतात काट्याकुट्या पेटवून वांगी भाजायची, सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, लहान पोराला मिरची घालायच्या आधी वाटीत काढून द्यायचं. काय भो, एवढं सोपं असताना ज्वारीचा केक कशाला?

नाशिकला नोकरी, माहेर अमळनेर
मामा, "वाटीत काढून द्यायचं" हे काढून कोण द्यायचं? तुमची बायको, वहिनी, आई. पंगतीत तुम्ही बसलात, त्या चुलीपाशी होत्या. आणि शेतात तुम्ही रोज जाता का? शहरात कुटुंबाने बाहेर जेवायचं म्हणजे आपल्याकडे शेवभाजी. तो लालभडक तर्रीचा रस्सा दीड वर्षाच्या पोराला द्यायचा? शेवटी पापड मोडून हातात देतो आणि दुसऱ्या हातात मोबाईल. हे आपण सगळ्यांनी केलंय.

आहारशास्त्र शिकवते
कॅफे हवं, पण "पौष्टिक" या पाटीवर डोळे झाकून विश्वास नको. अशा ठिकाणी साखर नाही म्हणतात, मग केक गोड कशाने होतो? गूळ, मध नाहीतर खजुराचा पाक. जागतिक आरोग्य संघटना मध आणि असे पाक साखरेच्याच हिशोबात धरते, फळांचा रससुद्धा. अख्खं फळ वेगळं, त्यातला चोथा पोटात जातो. त्यामुळे सावदेकर, त्या वाटीतलं केळं हा मेनूतला सगळ्यात चांगला पदार्थ आहे, महाग असला तरी.

एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना मुलांची दुधात घालायची पेयं "हेल्थ ड्रिंक" या यादीतून काढायला सांगितलं होतं. तिथे कंपन्यांवर कुणीतरी लक्ष ठेवलं, गल्लीतल्या कॅफेवर आपणच ठेवायचं. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, अगदी चाटवायलाही नाही. लहान पोरांच्या ताटात अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं दिसली तर सरळ परत पाठवा, घशात अडकतात.

खिडकीजवळचं टेबल
मला मुलं नाहीत. कॅफेत दोन तास काम करत बसतो. माझ्या खुर्चीवर ठोकळे आपटले तर मीही तेवढेच पैसे दिलेत की नाही?

महाबळची सूनबाई
दिलेत. पण दारावर मुलांचं चित्र असताना तुम्ही आत गेलात.

धंदेवालीण
मी धुळ्यात असंच छोटं कॅफे चालवते. नाव देत नाही, जाहिरात नको. सावदेकरांच्या १२० बद्दल बोलते. केळं आणि दही मिळून खर्च फार नाही, कबूल. पण आई आणि पोर आलं की टेबल दीड तास अडतं, तेवढ्यात चहावाल्याकडे वीस माणसं होऊन जातात. एसी बंद करता येत नाही. ठोकळे रोज धुवावे लागतात, कारण प्रत्येक पोर ते तोंडात घालतं. ज्वारीच्या पिठाला मैद्यासारखा चिवटपणा नसतो, उकळत्या पाण्यात मळून लगेच थापावं लागतं, सकाळी करून ठेवता येत नाही. भाकरी थापणारी मावशी सुट्टीवर गेली की मेनूतला अर्धा भाग मी खोडते. जागेचं भाडं वेगळंच.

दोन पोरांचा बाप
एक राहिलं. आमच्याकडच्या अशाच एका ठिकाणी लंगोट बदलायची फळी फक्त बायकांच्या बाथरूममध्ये आहे. मी पोराला स्कूटरच्या सीटवर झोपवून बदललं. "मुलांना सोबत आणा" म्हणता तेव्हा बाप गृहीतच नसतो.

धंदेवालीण
माझ्याकडेही तसंच आहे. दोन्हीकडे लावायला जागा नाही, पण हात धुवायच्या बेसिनशेजारी लावता येईल. बघते.

सावदेकर
भाड्याचं पटलं. पण मग केळी आमच्याकडून थेट का घेत नाही तुम्ही लोक?

धंदेवालीण
पाठवा की. रोज दोन डझन, पिकलेली, डाग नसलेली, सकाळी आठच्या आत.

सावदेकर
दोन डझनासाठी गाडी कोण काढेल? आम्ही हिरवा माल काट्यावर देतो, ट्रकने नाहीतर रेल्वेने दिल्लीकडे जातो. पिकवणं व्यापाऱ्याचं काम.

धंदेवालीण
मग १२० चा अर्धा हिशोब त्यालाही विचारा.