मदत हवी आहे: अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदात भरायचे आहेत, फॉर्म घेईना

शिवार_खानापूर
नमस्कार मंडळी. शेतात बोअर मारायची आहे, त्याच्या ऑनलाइन अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश मागितलेत. काय झालंय म्हणजे, मोबाईल दशांशात दाखवतो आणि फॉर्मात अंश, मिनिट, सेकंद असे तीन वेगळे रकाने आहेत. गणित करून भरलं तरी अक्षांश लाल होतोय. रेखांश घेतला. बोअरची गाडी परवा येणार, लवकर सांगा की ओ.

मोजणीदार
आकडा कुठाय? मोबाईलवर दिसतोय तो जसाच्या तसा टाका. तिन्हीतला नेमका कुठला रकाना लाल होतो तेही सांगा.

चंदगडी
दशांशानंतरचे आकडे तसेच मिनिटांत टाकले असणार. बेळगाव 15.8497 म्हणजे 15 अंश 84 मिनिटं नव्हे. .8497 ला 60 ने गुणा, 50.982 येतं, म्हणजे 50 मिनिटं. उरलेल्या .982 ला परत 60 ने गुणा, 58.92 सेकंद. सातबारा पण जवळ ठेवा, पुढे गट नंबर विचारतील.

शिवार_खानापूर
गुणाकार तसाच केलाय ओ. आणि इकडं कर्नाटकात सातबारा नसतो, त्याच्या जागी आरटीसीचा उतारा असतो. सर्व्हे नंबर भरून झालाय.

शीट_मास्तर
हाताने कशाला करत बसायचं? एक्सेलमध्ये आकड्याला 24 ने भागा आणि त्या सेलला तास-मिनिट-सेकंदाचा फॉरमॅट द्या, तासाभोवती चौकोनी कंस घालून. तासाच्या जागी अंश दिसतात. कंस विसरलात तर 74 चे 2 होतील, कारण 24 च्या पुढे तो दिवस मोजतो.

मोजणीदार
बांधावर उभ्या माणसाला एक्सेल सांगू नका. शाळेतल्या मुलाचा कॅसिओ कॅल्क्युलेटर घ्या, आकडा टाका, बरोबरचं (=) बटण दाबा, मग अंश-मिनिट-सेकंदाचं बटण. झालं. पण आधी आकडा द्या!

पंचांगवाले
रेखांशाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपली प्रमाणवेळ 82 अंश 30 कलांवरची (कला म्हणजे तुमची मिनिटं). बेळगाव साधारण 74 अंश 30 कला. फरक 8 अंश, अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपली स्थानिक वेळ घड्याळाच्या 32 मिनिटं मागे. पत्रिका करताना हे धरलंच पाहिजे, मुंबईसाठी काढलेलं लग्न (जन्मवेळी उगवणारी रास) इथं चालत नाही.

शिवार_खानापूर
पत्रिका नको, बोअर पाहिजे. हे घ्या: 15.63333 आणि 74.50871. मोबाईल धरून जागेवरच उभा होतो. अक्षांशाचे सेकंद लाल होतायत. 37 मिनिटं, 60 सेकंद भरलंय.

मोजणीदार
आता कळलं. .63333 गुणिले 60 म्हणजे 37.9998. .9998 गुणिले 60 म्हणजे 59.988. पूर्णांकात त्याचे 60 झाले आणि फॉर्म 59 पर्यंतच घेतो. 60 सेकंदांचं एक मिनिट पुढं न्या: 15 अंश 38 मिनिटं 00 सेकंद.

चंदगडी
त्यापेक्षा 59 टाका, मोकळे व्हा. एका सेकंदानं काय बिघडतंय?

मोजणीदार
बिघडतं. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर जवळपास 31 मीटर. 59 टाकलंत तर खूण साधारण 30 मीटर दक्षिणेला सरकेल, आपल्या भागातल्या पट्ट्यांत तेवढ्यात शेजाऱ्याचा बांध लागतो. 38 मिनिटं 00 भरलंत तर फरक 40 सेंटीमीटरसुद्धा नाही. बोअरवरून भावकीत भांडणं लागलेली बघितलीत, म्हणून एवढं सांगतोय. रेखांशाचे सेकंद किती भरले?

शिवार_खानापूर
74 अंश 30 मिनिटं 31 सेकंद.

मोजणीदार
खरे 31.356 येतात. 31 वर थांबल्यानं साडेदहा मीटर पश्चिमेला गेलात. रकाना दशांश घेत असेल तर 31.36 भरा.

शिवार_खानापूर
00 घेतलं, हिरवं झालं! 31.36 पण घेतोय. लई उपकार झाले. मग अक्षांशाला पण दशांश चालेल काय?

मोजणीदार
चालेल की. मग 37 मिनिटं 59.99 सेकंद भरा, ते जास्त नेमकं.

शीट_मास्तर
एक्सेलमध्येही सेकंदापुढे टिंब आणि शून्यं देऊन दशांश दाखवता येतात.

निपाणी_मळा
माझ्या जीपीएसवर अंश आणि नुसती मिनिटं दिसतात, सेकंद नाहीतच. ते कसं करायचं?

मोजणीदार
पहिल्या गुणाकारालाच थांबलंय ते यंत्र. वरचाच रेखांश तिथं 74 अंश 30.5226 मिनिटं असा दिसेल. सेकंद हवे असतील तर फक्त .5226 ला 60 ने गुणा.