प्राग शहर गाईडविना पायी पाहायचे आहे : मार्ग कसा आखावा?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार. सप्टेंबरच्या अखेरीस मी आणि पत्नी ड्रेस्डेनला मुलीकडे जाणार आहोत. तेथून आगगाडीने अडीच तासांच्या आत प्रागला पोहोचता येते असे समजल्यामुळे दोन रात्री तेथे मुक्काम करायचे ठरवले आहे. सहा वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर आम्ही युरोप पाहिला होता. 'पाहिला' म्हणायचे एवढेच, कारण त्या अकरा दिवसांत सर्वांत जास्त वेळ जर काही पाहिले असेल तर ते म्हणजे पुढे चालणाऱ्या गाईडच्या हातातली पिवळी छत्री. प्रत्येक चौकात वीस मिनिटे, त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत. या वेळी कोणाच्याही मागे न धावता, नकाशा हाती घेऊन, स्वतःच्या चालीने जुने शहर पाहावे अशी इच्छा आहे.

मी शाळेत इतिहास शिकवत असे, त्यामुळे आधी वाचून जाण्याची तयारी आहे. अडचण दोन गोष्टींची आहे. पत्नीचे गुडघे फार चढ सोसत नाहीत, आणि बहुतेक नकाशांवर दाखवलेला 'राजमार्ग' दारूगोळ्याच्या बुरुजापासून निघून जुन्या चौकातून, चार्ल्स पुलावरून थेट टेकडीवरच्या किल्ल्यापर्यंत चढत जातो. दुसरे असे की, शेजारी सांगणारा कोणी नसताना एखादी भिंत नुसती भिंत न राहता काही बोलू लागावी, यासाठी नेमके कोठे थांबावे आणि काय पाहावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चारभिंती (सातारा)

विश्रामबागकर सर, पहिल्या अडचणीचे उत्तर सोपे आहे : राजमार्ग उलटा चाला. बोहेमियाचे (म्हणजे या चेक प्रदेशाचे) राजे राज्याभिषेकासाठी खालून वर जात, कारण त्यांना मिरवायचे होते. आपल्याला मिरवायचे नाही. आम्ही साताऱ्याची माणसे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलो, तेव्हा चढाची भीती आम्हाला कोणी शिकवू नये. तरीही तीन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी हौसेने खालून वर गेलो आणि किल्ल्याच्या दारात पोहोचेपर्यंत निम्मा उत्साह पायऱ्यांवरच सांडला. दुसऱ्या दिवशी २२ क्रमांकाची ट्राम धरून पोहोर्झेलेत्स या थांब्यावर उतरलो आणि तेथून नदीपलीकडच्या दारूगोळ्याच्या बुरुजापर्यंत सगळे शहर जवळजवळ उतरणीनेच पाहिले. अंतर तीन-साडेतीन किलोमीटर भरेल, पण त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवा.

थांब्याजवळच स्ट्राहोव्हचा मठ आहे. त्याच्या ग्रंथालयाची दालने दारातूनच पाहू देतात, तरीही ती चुकवू नयेत. तेथून लोरेटाच्या देवळावरून किल्ल्यासमोरच्या चौकात या. किल्ल्यात शिरताना रांग असू शकते, म्हणून सकाळी लवकर पोहोचलेले बरे.

आत सेंट व्हायटसचे कॅथेड्रल आहे आणि इतिहासाच्या शिक्षकाने तेथे थोडी गंमत करून पाहावी. आत जाण्यापूर्वी इमारतीला बाहेरून वळसा घाला आणि कोणता भाग जुना, कोणता नवा, हे स्वतः ओळखण्याचा प्रयत्न करा. पाया १३४४ मध्ये घातला गेला, पुढे हुसाइट युद्धांत (धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या लढायांत) काम थांबले आणि इमारत पूर्ण झाली ती १९२९ मध्ये. पूर्वेचा भाग चौदाव्या शतकातला आहे, तर पश्चिमेचे दोन उंच मनोरे, जे सगळ्या छायाचित्रांत येतात आणि ज्यांना पाहून 'काय हे मध्ययुगीन वैभव' असे उद्गार निघतात, ते त्या मानाने अगदी अलीकडचे आहेत. मला हे ठाऊक नव्हते आणि मी तो उद्गार काढला होता, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

जुन्या राजवाड्यातली ती प्रसिद्ध खिडकीही पाहा. २३ मे १६१८ रोजी प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे दोन प्रतिनिधी आणि त्यांचा चिटणीस अशा तिघांना वरून खाली फेकून दिले आणि त्यातून तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. तिघेही वाचले. कॅथलिकांच्या मते त्यांना मेरीमातेने झेलले, प्रोटेस्टंटांच्या मते उकिरड्याने. खिडकीतून वाकून पाहिल्यावर आपले मत आपण बनवावे.

किल्ल्याबाहेर पडल्यावर उताराने नेरुदोवा रस्त्याला लागा. या रस्त्यावर घाई करू नये, एवढेच सांगतो.

आयर्विनचा_कठडा

काका, मी मूळचा सांगलीच्या गावभागातला, गेली चार वर्षे नोकरीसाठी प्रागमध्ये राहतो. नेरुदोवावर घाई का करू नये, ते मी सांगतो. तेथे घरांच्या दारांवर चित्रे कोरलेली दिसतील : कोठे तीन सारंग्या, कोठे सोन्याचा नाल, कोठे दोन सूर्य. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा पत्ता सांगायचा तो या चिन्हांवरून. आपल्याकडे आजही 'पिंपळासमोरचा वाडा' म्हणतात, तसेच. दोन सूर्यांच्या घरात यान नेरुदा हा लेखक राहत असे आणि रस्त्याला नाव त्याचेच आहे. पुढे मारिया तेरेसाच्या राजवटीत, १७७० मध्ये, घरांना क्रमांक मिळाले. आज प्रत्येक दारावर दोन पाट्या असतात, एक तांबडी आणि एक निळी. निळा आकडा रस्त्यावरचा क्रम दाखवतो, तांबडा आकडा त्या भागाच्या नोंदवहीतला असतो. ठरावीक पत्ता शोधताना निळ्याकडे पाहायचे, नाही तर शेजारशेजारच्या दोन घरांच्या आकड्यांत काही शेकड्यांचा फरक पाहून माणूस चक्रावतो. पहिल्याच आठवड्यात मी तांबड्या आकड्यामागे लागून एकाच गल्लीत तीन फेऱ्या मारल्या होत्या.

आता पूल. चार्ल्स पूल सुमारे ५१६ मीटर लांब आहे, त्याला १६ कमानी आहेत आणि १८४१ पर्यंत व्ल्ताव्हा नदीवर प्रागमधला हा एकमेव पूल होता. पायाचा दगड १३५७ साली जुलैच्या ९ तारखेला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी बसवला, असे सांगतात. साल, तारीख, महिना, तास, मिनिटे ओळीने मांडली की १३५७९७५३१ असे चढते आणि उतरते विषम अंक मिळतात. चौथ्या चार्ल्स राजाच्या ज्योतिषांनी काढलेला हा मुहूर्त, अशी आख्यायिका आहे. चुन्यात अंडी घातली होती असेही सांगतात, आणि एका गावाने म्हणे ती वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली. आपल्या वाड्यांच्या चुन्यातला गूळ आणि हिरडा आठवतो.

पण सांगलीच्या माणसाने पुलावर पाहावे ते वेगळेच. या पुलाच्या आधी येथे युडिटचा दगडी पूल होता आणि तो १३४२ च्या पुरात वाहून गेला. चार्ल्स पुलाच्याही तीन कमानी १८९० च्या पुराने नेल्या. जुन्या गावाच्या टोकाला नदीकाठच्या भिंतीत दगडात कोरलेले एका दाढीवाल्याचे तोंड आहे, त्याला ब्राडाच म्हणतात. पूर्वी लोक त्यावरूनच पुराचा अंदाज घेत. पाणी त्याच्या दाढीला लागले की काठावरच्यांनी सामान हलवायचे, आणि टकलावर आले की पाणी मोठ्या चौकात शिरणार हे धरून चालायचे. सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी किती फुटांवर आहे हे विचारत रात्र काढलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. २०१९ मध्ये आपल्याकडे पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि आमच्या घराचा खालचा मजला पाण्यात होता. प्रागने असाच पूर ऑगस्ट २००२ मध्ये पाहिला; प्रवाह सेकंदाला ५१६० घनमीटर होता आणि भुयारी रेल्वेची स्थानके पाण्याने भरली होती. पुलावरून जिन्याने काम्पा बेटावर उतरलात तर भिंतींवर त्या पुराच्या खुणा पाहता येतील.

आणखी एक. जुन्या गावात एखाद्या तळघरातल्या खाणावळीत बसलात तर वरच्या कमानींकडे लक्ष द्या. पुराचा त्रास टाळण्यासाठी तेराव्या शतकात रस्त्यांची पातळी भर घालून उंच केली आणि त्यापूर्वीच्या घरांचे तळमजले जमिनीखाली गेले. म्हणजे ज्याला आपण तळघर म्हणतो, त्यात एके काळी लोक रस्त्यावरून सरळ चालत जात.

गणेशदुर्ग (सांगली)

वरील दोघांनी चांगली माहिती दिली आहे, पण 'गाईड मुळीच नको' हा निश्चय सगळीकडे पाळू नये, असे माझे मत आहे. किल्ला, पूल, चौक येथे डोळे पुरतात. योझेफोव्ह या ज्यू वस्तीत ते पुरत नाहीत. तेथल्या जुन्या दफनभूमीत जागा न उरल्याने थरावर थर चढवून सुमारे १२ हजार दगड एकमेकांना टेकून उभे आहेत, आणि पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. आम्ही तेथे स्वतःच फिरलो, बाहेर आलो आणि दोघेही गप्प होतो. कोणते आडनाव कोणत्या गावचे, हे सांगणारे कोणी असते तर बरे झाले असते असे तेव्हा वाटले. निदान ध्वनिफितीचे यंत्र तरी भाड्याने घ्यावे. शनिवारी ही सर्व स्थळे बंद असतात. जाता जाता ज्यू नगरभवनावरचे हिब्रू आकड्यांचे घड्याळ पाहा, त्याचे काटे उलट दिशेने फिरतात.

मोठ्या चौकातल्या खगोलीय घड्याळाविषयी मात्र लोकांची फसगत होते. दर तासाला खाली तीनशे माणसे मोबाइल वर धरून उभी राहतात, सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून येशूचे बारा प्रेषित सरकतात, कोंबडा आरवतो आणि 'एवढेच?' असे म्हणून गर्दी पांगते. खरे पाहण्यासारखे ते गर्दी पांगल्यानंतर. १४१० सालचे हे यंत्र तीन प्रकारचा काळ दाखवते. बाहेरच्या कड्यावरचे जुन्या वळणाचे आकडे सूर्यास्तापासून चोवीस तास मोजतात. म्हणजे सप्टेंबरअखेरीस तुम्ही सकाळी दहाला तेथे उभे असाल तर त्या हिशेबाने पंधरा वाजून गेलेले असतील. आतल्या वक्र रेषा सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग करतात, त्यामुळे हा तास उन्हाळ्यात लांबतो आणि हिवाळ्यात आखडतो. पंचांगातला राहुकाळ दिनमानाचे आठ भाग करून काढतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही. शिवाय राशींचे कडे आहे. त्यात सूर्य कोणत्या राशीत आहे हे पाहताना लक्षात ठेवा की तेथली गणना सायन आहे, म्हणून सूर्य २१-२२ डिसेंबरलाच मकरेत जातो, आपल्या तिळगुळापेक्षा तीन-साडेतीन आठवडे आधी.

हे घड्याळ ज्या जुन्या नगरभवनावर आहे, त्याच्या पूर्वेला फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे २७ क्रूस आहेत. १६२० मध्ये प्रोटेस्टंट बंडखोर प्रागजवळची श्वेतगिरीची लढाई हरल्यावर २१ जून १६२१ रोजी बंडाच्या २७ पुढाऱ्यांना येथे देहदंड दिला गेला. चारभिंती यांनी सांगितलेल्या खिडकीत सुरू झालेली गोष्ट तुमच्या पायाखाली येथे संपते, म्हणूनही वरून खाली येण्याचा त्यांचा क्रम मला पटला. बहुतेक लोक त्या क्रूसांवर उभे राहूनच घड्याळाकडे जाण्याचा रस्ता विचारतात.

विश्रामबागकर (सांगली)

आपण तिघांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, याबद्दल आभार. पत्नीला सर्व वाचून दाखवले. 'उतरणीने' हा शब्द ऐकताच तिने बेत मंजूर केला आणि ब्राडाचचे ऐकल्यावर तिला १९६०-७० च्या दशकातले माहेरचे पूर आठवले. तिचे माहेर सांगलवाडीचे. आता पहिला दिवस वरून खाली पुलापर्यंत, दुसरा दिवस जुने गाव आणि योझेफोव्ह, तेथे गाईडसह, असे ठरवत आहोत. आमचा दुसरा दिवस शनिवार येत होता, तो मुलीला सांगून बदलून घेतला.

दोन लहान प्रश्न उरले आहेत. फरसबंदीवर चालण्यासाठी कोणती पादत्राणे बरी? आणि तो दाढीवाला नेमका कोठे दिसतो, कारण आम्हाला त्याच्यासाठी पुन्हा पूल ओलांडायला लागू नये.

आयर्विनचा_कठडा

काकू जाड, रबरी तळव्याचे बूट घालू देत. पदपथांवर लहान चौकोनी दगड बसवलेले असतात आणि पाऊस पडला की ते घाटाच्या पायऱ्यांसारखे निसरडे होतात. ट्रामचे तिकीट चढल्यावर पिवळ्या यंत्रात ठोकायला विसरू नका, आणि थोडी कोरुना नाणी जवळ ठेवा, स्वच्छतागृहांना लागतात. तेथे युरो चालतील असे धरू नका.

ब्राडाचसाठी पूल पुन्हा ओलांडावा लागणार नाही. किल्ल्याकडून येताना पुलाचे जुन्या गावाकडचे टोक आले की डाव्या हाताच्या कठड्यावरून वाका आणि काठाच्या भिंतीत खाली पाहा. तोंड लहान आहे, पहिल्या नजरेत सापडत नाही. ते दिसले की पुलाच्या टोकावरच्या बुरुजाखालून पलीकडे जा आणि मागे वळून बुरूज पाहा : गावाकडची बाजू मूर्तींनी भरलेली आहे, नदीकडची सपाट. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्य ज्या बाजूने आले, ती ही सपाट बाजू.