अपोर्शन म्हणजे नुसतं वाटणं नव्हे

इंग्रजीतल्या ‘अपोर्शन’ (apportion) या क्रियापदाला मराठीत काय म्हणायचं, असं विचारलं की ‘वाटणे’ हे उत्तर येतं. चूक नाही, पण अपुरं आहे. पत्रकंही वाटतातच, तिथे कोणाला किती हा प्रश्न नसतो, म्हणून इंग्रजीत डिस्ट्रिब्यूट चालतं. अपोर्शनमध्ये आधी माप ठरतं, मग वाटे पडतात. शब्दाच्या पोटात ‘पोर्शन’, म्हणजे वाटा, बसलेलाच आहे. वाटे सारखे असायला हवेत असं मुळीच नाही. बहुधा ते कमीजास्तच असतात.

कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, शिकणाऱ्यांची या शब्दाशी रोजची गाठ. समजा, एका इमारतीत कारखान्याचे तीन विभाग आहेत: 500, 300 आणि 200 चौरस मीटरचे. मग भाड्याचा निम्मा भार पहिल्यावर, 30 टक्के दुसऱ्यावर, 20 टक्के तिसऱ्यावर. हे अपोर्शनमेंट. एखादा खर्च अख्खा एकाच विभागाचा असेल तर तो सरळ त्याच्या नावावर टाकतात, ते अ‍ॅलोकेशन. दोन्हींना ‘वाटप’ लिहिलं की विद्यार्थी गोंधळणारच. मी पहिल्याला ‘प्रमाणशीर वाटणी’ म्हणतो. लांबलचक आहे, मान्य. पण प्रमाण गाळलं तर त्या क्रियापदात उरतं काय?

अमेरिकेच्या राज्यघटनेत प्रतिनिधिगृहाच्या जागांसाठी हेच क्रियापद आहे. दर 10 वर्षांनी जनगणना झाली की 435 जागा 50 राज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. लहानात लहान राज्यालाही एक मिळतेच. याला नुसतं ‘विभागणी’ म्हटलं तर कोणत्या हिशेबाने, हे कळत नाही.

खरी गंमत ‘अपोर्शन ब्लेम’मध्ये आहे. अनुवादात इथे हटकून ‘खापर फोडणे’ येतं आणि अर्थ उलटा होतो. खापर एकाच्याच डोक्यावर फुटतं. इथे मात्र चूक तोलायची असते. अपघाताच्या दाव्यात न्यायालयाने एका चालकाचा दोष 70 टक्के आणि दुसऱ्याचा 30 टक्के धरला, तर दुसऱ्याची भरपाई 30 टक्क्यांनी कमी होते. अशा ठिकाणी ‘कोणाचा दोष किती हे ठरवणे’ असं मोकळेपणाने लिहावं. ‘दोष तिघांचाही आहे, पण कोणाचा किती हे समितीने ठरवलेलं नाही’ हे वाक्य इंग्रजीत नेऊन बघा, अपोर्शन आपसूक येतं.