काट्यावर बोलावं की गप राहावं?

पऱ्हाटी:
आमच्या गावात यंदा खेडा खरेदीवाल्याचा, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याचा, वजनकाटा एका पोराने अडवला. किराणा दुकानातलं वीस किलोचं शिक्क्याचं वजन आणून त्याने ते सगळ्यांसमोर काट्यावर ठेवलं. आकडा आला 19.2. मागे दहा-बारा बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकाने हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून व्यापारी त्याच्या दारात गाडी लावत नाही. कृषी केंद्रवाला व्यापाऱ्याचा भाऊ, म्हणून बापाची उधारीही बंद. अर्धं घर कापसाने भरलंय, लेकरांच्या अंगाला खाज सुटलीये. माझ्या मते पोरगं चुकलं नाही, गाव चुकलं.

खारपाण:
पोट्टं खरं बोललं, मान्य. पन खरं चुलीत घालाचं काय? क्विंटलमागं दोन किलो वजन कापाची कटती तर माह्या बापाच्या काळापासून हाय. चाळीस क्विंटलवर ऐंशी किलो, सात हजाराच्या भावानं 5,600 रुपये. तेवढ्यासाठी वैर? पोरीच्या लग्नात रातच्या बारा वाजता पैसे तोच देते. बँकवाला देते काय?

रिटायर मास्तर:
खारपाण, हिशेब अर्धाच केला. कटती वेगळी, काटा वेगळा. वीसला आठशे ग्रॅम म्हणजे क्विंटलला चार किलो. दोन्ही धरून चाळीस क्विंटलवर 240 किलो, म्हणजे 16,800 रुपये. लग्नात तो देतो ते पैसे तुमचेच, वर व्याज घेतो. आणि काट्याची दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. तो शिक्का कोणी पाहिला?

धानपट्टी:
मास्तर, पेन्शन चालू असल्यावर बोलणं सोपं. मी भंडाऱ्याचा. खैरलांजी, 29 सप्टेंबर 2006. घरातल्या बाईने मारहाणीच्या प्रकरणात आरोपी ओळखले. जामिनावर सुटले त्याच दिवशी जमाव घरावर गेला आणि एका दलित कुटुंबातली चार माणसं मारली. कापसाच्या काट्याची त्याच्याशी बरोबरी करत नाही. पण ज्याच्या मागे जात नाही, जमीन नाही, त्याला 'बोल रे' म्हणण्याआधी रात्री त्याच्या अंगणात कोण उभं राहणार ते सांगा.

बचतगटवाली:
दादा, तुमचंच उदाहरण घ्या. त्या दिवशी गाव गप होतं, त्याने कोण वाचलं? विदर्भभर लोक रस्त्यावर आले तेव्हा कुठे नोव्हेंबरात तपास सीबीआयकडे गेला. एकट्याने बोलायला लागू नये, एवढंच माझं म्हणणं. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव पाहा. बांबूवर हक्क आमचा, असं सगळी ग्रामसभा म्हणत राहिली. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू नेण्याचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडलं. एकटा माणूस बोलला असता तर वनखात्याने त्याच्यावर केस टाकून विषय संपवला असता.

खारपाण:
मेंढ्याचं आमाले सांगू नका. तिथं सारं गाव गोंडायचं, बसून एकमतानं ठरवते. आमच्या इथं सरपंच त्या व्यापाऱ्याचा साडभाऊ. ग्रामसभा रजिस्टरातच भरते, चपराशी घरोघर सह्या घेत फिरते. मी बी केली ना, ओसरीत बसून!

रिटायर मास्तर:
मग तीच सही या अर्जावर करा. काटा तपासा म्हणून वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या, निरीक्षकाकडे द्यायचा आहे. (माझ्या पेन्शनचं म्हणाल तर पहिली सही माझीच घ्या.)

धानपट्टी:
पहिली सही कोणाची हेच तर व्यापारी बघेल. तुमची चालेल, पण दुसरी, तिसरी?

बचतगटवाली:
गोल करा. मधे मजकूर, भोवती सह्या. पहिला कोण न् शेवटचा कोण, कळतच नाही. आमच्या गटातल्या अकरा जणी तयार आहेत.

पऱ्हाटी:
आणि त्या पोराचा कापूस? निरीक्षक येईल तेव्हा येईल. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर न्यायचा तर ट्रॅक्टरचं भाडं एकट्याला परवडत नाही, त्यात ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला तर माल वापस. दोन-तीन घरं मिळून भाडं वाटून घेता का?

खारपाण:
गोलात माही सई टाका. ट्रॅक्टरचं मंगळवारनंतर पाहू. सोमवारी माह्या घरी त्या व्यापाऱ्याचाच काटा येऊन रायला.