मदत हवी आहे: आईला पहिल्यांदा समुद्र दाखवायचाय, शांत आणि उथळ किनारा सुचवा

मांजराकाठ

नमस्कार मंडळी,

मी लातूरची. आई औसा तालुक्यात आमच्या गावीच असते. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे कुरकुरतात, पण काठी टेकत रोज शेतापर्यंत जाऊन येते. पंढरपूर, तुळजापूर, पैठण, गाणगापूर सगळं झालंय तिचं. समुद्र मात्र आजवर पाहिलेला नाही. परवा टीव्हीवर मावळतीचा समुद्र दिसला तशी म्हणाली, "एकदा त्या पाण्यात पाय बुडवून दिवस बुडताना बघायचाय गं." आई स्वतःसाठी कधी काही मागत नाही. त्यामुळं हे आता होणार म्हणजे होणारच.

ही बाई बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होती. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ती आमच्याकडंच राहायला होती आणि टँकर आला की माझ्याआधी घागर घेऊन खाली उतरायची. एवढं पाणी एका जागी असतं कसं, हे तिला डोळ्यांनी बघायचंय. ते नीट बघता यावं, गर्दीत धक्के खात नव्हे, एवढंच मला वाटतं.

बीच बघून यायचं एवढंच असतं तर विचारलं नसतं. किनारा शांत हवा. बनाना राईड, स्पीकर, वाळूवर फिरणाऱ्या गाड्या असलं काही नको. तळ हळूहळू खोल होत जाणारा हवा, म्हणजे आम्ही दोघी-तिघी धरून तिला घोट्यापर्यंत, फार तर पोटरीपर्यंत पाण्यात उभं करू. गाडी जिथं थांबते तिथून पाण्यापर्यंत फार चालावं लागू नये. आणि सूर्य थेट पाण्यात मावळताना दिसला पाहिजे, मध्ये डोंगर नको.

भावाची दोन पोरंही सोबत आहेत. खरी काळजी त्यांचीच. दोघंही विहिरीत पोहायला शिकलेली, त्यामुळं पाण्याची भीती म्हणून नाही. पण विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं नसतं, हे त्यांना सांगून पटत नाही.

गाडी घरची आहे. तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पुढं आंबा घाट असा सरळ रस्ता असल्यानं रत्नागिरीकडंच बघतेय. येळवस झाली की निघायचं असं आईनंच ठरवलंय, त्याआधी ती शेत सोडून हलणार नाही. (बाहेरच्या मंडळींसाठी: येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं, भज्जी आणि आंबील घेऊन.)

जो तो गणपतीपुळे सांगतोय. दर्शन तिला आवडेलच, पण तिथं माणसं बुडाल्याच्या बातम्या इतक्यांदा वाचल्यात की पोरांना घेऊन त्या पाण्यात उतरायचा धीर होत नाही. दुसरीकडं कुठं जावं? माहीतगारांनी कृपया सांगा.

बालाघाट

ताई, मी अंबाजोगाईचा. आमची म्हातारी मंडळी याच रस्त्यानं नेली होती, म्हणून रस्त्यापुरतं सांगतो.

लातूर ते रत्नागिरी साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे. एका दमात अजिबात करू नका. कोल्हापूरला मुक्काम करा. अंबाबाईचं दर्शन होतं आणि आईंचे गुडघेही मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी निवांत उठून आंबा घाट उजेडात उतरा. हिवाळ्यात भल्या सकाळी तिथं धुकं असतं, त्यामुळं फार लवकर निघूनही फायदा नाही. वळणांचा त्रास होणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि घाटाआधी पोटभर जेवण देऊ नका.

धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर घ्या. तिकडं भाकरी मिळते ती तांदळाची. आपल्या माणसाला पहिल्या दिवशी नवल वाटतं, तिसऱ्या दिवशी ज्वारी आठवते. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी आधी सांगितलं तर शाकाहारी जेवण चांगलं करून देतात.

जाता जाता एक. आधी पैठणला नाथसागर दाखवा की. तिथंही पाण्यावर दिवस मावळतो आणि हिवाळ्यात रोहित पक्षी येतात.

मांजराकाठ

दादा, रस्त्याचं सगळं लिहून घेतलं, फार उपयोगी आहे. नाथसागर आईनं नाथषष्ठीला कितीदा पाहिलाय. तिला खारं पाणीच हवंय. आणि धरणाच्या काठाचा गाळ पाय धरून ठेवतो, तिथं मी तिला उतरवणार नाही.

समुद्रकाठ

ताई, मी रत्नागिरीजवळचा. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. बहुतेक लोक 'बीच कुठला भारी' एवढंच विचारतात, तळाचा उतार कोणी विचारत नाही.

आधी गणपतीपुळ्याबद्दल. दर्शन जरूर घ्या, पाण्यात उतरू नका. तिथला किनारा उतरता आहे आणि परतणाऱ्या लाटेला ओढ फार. तुमची शंका बरोबर आहे.

किनारा उथळ की उतरता हे पाहून कळतं, ते पोरांनाही शिकवा. वाळू बारीक आणि ओली झाल्यावर घट्ट असेल, तर किनारा बहुधा सपाट असतो. लाटा लांबवर दोन-तीन रांगांत फुटतात आणि पायाशी येईस्तोवर त्यांचा जोर सरलेला असतो. वाळू जाडी असेल, पाय रुतत असेल आणि लाट थेट काठावर आपटून मागे खेचत असेल, तर तिथं फक्त बसायचं.

उथळ पाण्यासाठी भाट्ये पहा. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला, भाट्याचा पूल ओलांडला की लगेच. पावसला जाणारा रस्ता किनाऱ्याला लागूनच आहे, मध्ये सुरूचं बन, त्यामुळं आईंना फार चालावं लागणार नाही. किनारा सपाट आणि पश्चिमेला मोकळा. उभं राहायचं ते झरी विनायकाच्या बाजूला. पुलाकडच्या टोकाला काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते. तिथलं पाणी वरून गरीब दिसतं, पण भरती-ओहोटीला खाडीतून मोठा प्रवाह आत-बाहेर होतो. कुठल्याही किनाऱ्यावर खाडीच्या तोंडाशी उतरायचं नाही, हे पोरांकडून वदवून घ्या.

मात्र भाट्याला शहरातली माणसं फिरायला येतात, रविवारी संध्याकाळी जास्तच. शांतता हवी तर गणेशगुळे. पावसमार्गे रत्नागिरीपासून वीस-पंचवीस किलोमीटर. 'गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला' असं आमच्याकडं म्हणतात, ते हेच गुळे. वाटेत पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे, आईंना तिथं बसायला आवडेल. गुळ्याच्या किनाऱ्यावर आडवारी गेलात तर माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी तुमच्या जागी असतो तर एक संध्याकाळ भाट्याला पाण्यात उभं राहण्यासाठी ठेवली असती आणि दुसरी गुळ्याला नुसतं बसून बघण्यासाठी.

आता वेळेचं, कारण कुठं जायचं यापेक्षा कधी जायचं हे जास्त महत्त्वाचं आहे. तोच किनारा ओहोटीला सपाट मैदान असतो आणि भरतीला सुरूच्या झाडांपर्यंत आलेला. आमचे जुने लोक तिथीवरून हिशेब करतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, आली ती भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. त्या दिवशी सूर्यास्ताला पाणी चढलेलं सापडणार. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारच्या सुमारास येते आणि सहा तासांनी, ऐन संध्याकाळी, ओहोटी. हिशेब ढोबळ आहे. रत्नागिरीला वेळ थोडी अलीकडं येते, आणि रोज साधारण 50 मिनिटांनी पुढं सरकते.

म्हणजे तुमच्या आईंनी ठरवलेला मुहूर्त नेमका बसतोय! येळवस अमावस्येची. ती करून दुसऱ्या दिवशी निघालात, कोल्हापूरला मुक्काम केलात, की इथं पोचाल द्वितीयेला. त्या दिवशी सूर्यास्ताच्या आसपास पाणी पूर्ण उतरलेलं असेल. ओल्या वाळूवर आकाशाचा रंग उतरतो तो तेव्हाच. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा, किंवा गावात कुणाही मच्छीमाराला विचारा.

पण अमावस्येच्या सुमाराला उधाण असतं. पाणी जितकं लांब जातं तितकंच जोरात परत येतं. सूर्य गेला की रेंगाळायचं नाही, अंधाराआधी कोरड्या वाळूवर यायचं.

येळवस नाताळ ते 31 डिसेंबरच्या आठवड्यात येत असेल तर पुढची पौर्णिमा धरा. त्या आठवड्यात आमच्याकडं कुठलाच किनारा शांत नसतो.

पोरांसाठी शेवटचं. सगळीकडं पांढऱ्या लाटा फुटत असताना मधेच एक पट्टी शांत, जराशी गडद दिसते. नवख्याला तीच जागा बरी वाटते, आणि तिथूनच पाणी आत खेचत असतं. त्यात सापडलं तर काठाकडं झगडत पोहायचं नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून त्या पट्टीच्या बाहेर यायचं आणि मग काठाकडं वळायचं. पण तुमच्या पोरांना गुडघ्याच्या वर जाऊच देऊ नका. एक मोठा माणूस फक्त त्यांच्यावर नजर ठेवायला हवा, त्यानं फोटोही काढायचे नाहीत.

मांजराकाठ

किती मनापासून लिहिलंत! सगळा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. तिथीच्या हिशेबावर तिचा लगेच विश्वास बसला. म्हणाली, चंद्रावर पाणी चालतं तर आपल्या पंचांगावर चालणारच. माझ्यापेक्षा तीच भराभर पाऊणपट करत होती.

तर ठरलं असं: येळवसीच्या दुसऱ्या दिवशी निघायचं, कोल्हापूरला मुक्काम, द्वितीयेला संध्याकाळी भाट्ये, तृतीयेला पावस करून गणेशगुळे. पुळ्याला फक्त दर्शन. भाऊ पोरांवर नजर ठेवणार, मी आईचा हात धरणार.

अजून दोन गोष्टी. तिला फार वेळ उभं राहवत नाही. पाण्याच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली तर चालेल का? आणि आमच्याकडं हिवाळ्यात सहाच्या आतच दिवस मावळतो, तुमच्याकडं किती वाजेपर्यंत तिथं असायला हवं?

समुद्रकाठ

खुर्ची चालेल, पण पाय रुततात आणि लाट खालची वाळू काढून नेते, त्यामुळं ती अचानक कलंडते. लाट जिथवर येते त्याच्या वर, ओल्या घट्ट वाळूत ठेवा आणि चारही पायांखाली एक रुंद फळी टाका. पाण्यात जाताना खुर्ची न्यायची नाही, दोन्ही बाजूंनी धरूनच न्या. लाट परतताना पायाखालची वाळू सरकते आणि पहिल्यांदा सगळ्यांनाच घेरी आल्यासारखं होतं. आईंना आधीच सांगून ठेवा आणि त्या वेळी पाण्याकडं न बघता लांब क्षितिजाकडं बघायला सांगा.

आम्ही पश्चिमेला असल्यानं सूर्य इथं लातूरपेक्षा दहा-पंधरा मिनिटं उशिरा मावळतो. डिसेंबर-जानेवारीत सहा ते सव्वासहा धरा. पाच वाजता किनाऱ्यावर या, म्हणजे आधी पाण्यात उभं राहून होईल आणि मग पाय पुसून, शाल पांघरून बसता येईल. गोड्या पाण्याचा एक कॅन गाडीत असू द्या, खारं पाणी वाळलं की पाय खाजतात.

मांजराकाठ

फळी, शाल, कॅन, तिन्ही यादीत घातलं. मुक्कामासाठी भाट्ये ते पावस या पट्ट्यात तळमजल्यावरची खोली हवी आहे, जिन्याशिवायची. कोणाला स्वतःच्या अनुभवातलं घर माहीत असेल तर मला निरोप टाका.