प्रति: 2023 चे पॅड्रेस

सॅन डिएगो पॅड्रेस या अमेरिकी बेसबॉल संघाच्या 2023 च्या हंगामाबद्दल 'मोठ्या नावांचा संघ, पण जिद्दच नव्हती' असं म्हटलं गेलं, ते मत पटत नाही. सॅन डिएगोने त्या हंगामात 752 धावा केल्या आणि 648 दिल्या. दोन्हींचे वर्ग करून पायथागोरियन सूत्रात (केलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज, म्हणजे अपेक्षित विजयांचं प्रमाण) घाला, 162 सामन्यांत 93 विजय येतात. प्रत्यक्षात मिळाले 82. फरक पडला तो अटीतटीच्या सामन्यांत: एका धावेच्या निकालांत 9 विजय, 23 पराभव, जादा डावांत (नऊ डावांनंतर बरोबरी असली की खेळतात ते) आधी सलग 12 पराभव, मग कुठे 2 विजय.

जादा डावांचं गणितच वेगळं आहे, ते कुणी मांडलं नाही. 2020 पासून तिथे दुसऱ्या बेसवर धावपटू उभा करूनच डाव सुरू होतो. एका बंटवर (बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवणं) तो तिसऱ्यावर जातो, पुढच्या खोल फ्लाय बॉलवर (उंच, लांब मारलेला चेंडू) झेल गेला तरी धाव पूर्ण. एकही हिट (फलंदाजाला बेसवर पोचवणारा फटका) लागत नाही. म्हणून तिथे स्ट्राइकआउट काढणारा, म्हणजे चेंडू फटकावूच न देता फलंदाज बाद करणारा पिचरच (चेंडू टाकणारा) हवा. संघाचा पिचर हेडर तसा होता, अर्न्ड रन अ‍ॅव्हरेज 1.28 (दर नऊ डावांमागे त्याच्या नावावर लागलेल्या धावा), पण त्याचा वापर एका डावापुरताच. दहाव्यात चेंडू दुसऱ्या फळीच्या हातात. 2023 च्या हंगामानंतर फलंदाज सोटो गेल्यावरही मचाडो, टाटिस, बोगार्ट्स हे मोठ्या नावांचे फलंदाज होतेच की, आणि 2024 मध्ये याच संघाने 93 सामने जिंकले.