बॅटरी उतरली की पिकअप उतरतो, यात वाद कसला?

बेदाणा_तासगाव (धागाकर्ता)
परवा अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक ट्रकांच्या ड्रॅग रेसवर (सरळ रस्त्यावरची थोड्या अंतराची शर्यत) बोलणं चाललं होतं, तिथं साताऱ्याच्या ‘घाटवाट’ यांनी ठोकून दिलं : ‘चार्ज १०० असो नाहीतर १५, पिकअप तोच. मोटर शून्यापासून पूर्ण टॉर्क (फिरवायचा जोर) देते. टाकी पाव भरली म्हणून डिझेल इंजिन कमी ओढतं का?’ खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला झोप लागली नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

टाकीची उपमाच चुकीची आहे. डिझेल शेवटच्या थेंबापर्यंत तेच डिझेल असतं. बॅटरीचं व्होल्टेज मात्र चार्जबरोबर खाली येतं. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, तळाला आला की साडेतीनच्या आसपास. असे १०० सेल एकापुढे एक जोडले तर ४२० चे ३५० झाले. करंट तेवढाच घेतला तरी ताकदीचा सहावा हिस्सा गेला. त्यात उतरलेल्या सेलचा आतला रेझिस्टन्स वाढतो, पेडल दाबलं की व्होल्टेज आणखी बसतं. शेवटी सेल वाचवायला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, स्वतःच करंट कापतं.

हे मी वाचून सांगत नाही. तासगाव ते सांगली मार्केट यार्ड बेदाण्याचे बॉक्स पोचवतो, छोटा ई-टेम्पो आहे. गेल्या हंगामात परत येताना कवलापूरच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. चार्ज १२ टक्के. समोर रस्ता मोकळा बघून बाहेर काढली, पहिली ट्रॉली मागं पडली आणि स्क्रीनवर कासव उगवलं, म्हणजे ताकद कापल्याची खूण. पेडल तळाला टेकलेलं, गाडी पुढं सरकेना. समोरून एसटी. ब्रेक मारून परत ट्रॉलीच्या मागं घुसलो तेव्हा आरशाला उसाची वाढं घासली. शोरूमवाला म्हणाला, चालवायची पद्धत चुकतेय. हे वाचून कुणी पोरगा १५ टक्क्यांवर ओव्हरटेक मारेल, म्हणून एवढं लिहिलं.

घाटवाट
दादा, वाचलात हे चांगलं झालं. पण माझं वाक्य १५ चं, तुमचं कासव १२ वर. मी सातारा एमआयडीसी ते वाई रोज फेऱ्या मारतो. ८० टक्क्यांना जो पिकअप तोच ३० टक्क्यांना. नव्या चौकात सिग्नल सुटला की डिझेल पिकअपवाले मागं राहतात. सहावा हिस्सा गेला असता तर मला कळलं नसतं?

वायरमन_मिरज
दोघंही आपापल्या गाडीपुरतं बोलताय. या छोट्या मालवाहू गाड्यांत बहुतेक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल असतात. त्यांचं व्होल्टेज ३.२-३.३ ला सपाट चालतं आणि तळाला एकदम कोसळतं. म्हणून घाटवाट यांना ८० आणि ३० सारखेच लागतात, आणि बेदाणावाल्यांना कासव अचानक दिसलं. ४.२ व्होल्टचा हिशेब एनएमसीचा, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या दुसऱ्या जातीच्या सेलचा. तो तुमच्या टेम्पोला लावू नका.

आता शर्यतीचं. गाडी जागेवरून उठते तेव्हा टॉर्क भरपूर पण फेरे कमी, म्हणजे ताकद थोडीच लागते. तिथं टायरची पकड आणि मोटरचा करंट आडवा येतो, बॅटरी नाही. म्हणून पहिला झटका कमी चार्जलाही जवळजवळ तसाच बसतो. वेग वाढला की मोटर उलटं व्होल्टेज तयार करते, त्याला भेदायला बॅटरीचं व्होल्टेज लागतं. पाव मैलाच्या म्हणजे ४०२ मीटरच्या शर्यतीत उतरलेली बॅटरी मार खाते ती दुसऱ्या निम्म्यात. सिग्नलवर हे कधीच कळायचं नाही.

बेदाणा_तासगाव
एलएफपीचं मान्य. माझ्या गाडीत तेच आहेत, आकडे दुसरीकडचे लावले. कासव मात्र खरं होतं.

शर्यतशौकीन_खटाव
आमच्याकडं लहान पोराला पण ठाऊक हाय. पुसेगावच्या बैलगाडा मैदानात गटाच्या फेरीला बैलजोडी वाऱ्यागत पळती. सेमी झाली, फायनलला तीच खिल्लारं झेंडा पडला की झेप तशीच घेत्यात, दम तुटतो तो निशाणाजवळ. वायरमननं सांगितलं ते ह्येच की. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतीचा कायदा वैध धरला, तवापासून आमचा जीव भांड्यात पडलाय.

घाटवाट
बैल मध्ये आणू नका. जिवंत जनावराचा दम आणि सेलचं व्होल्टेज एका मापात मोजायचं नसतं.

शर्यतशौकीन_खटाव
जनावर आम्ही पोटच्या पोरागत सांभाळतो. माप काढायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

वायरमन_मिरज
भांडू नका. अमेरिकेतलंच उदाहरण घ्या. हमरचा इलेक्ट्रिक ट्रक चार टनांच्या वर, ताकद १००० हॉर्सपॉवर. त्याच्या ‘वॉट्स टू फ्रीडम’ मोडमध्ये गाडी खाली बसते आणि बॅटरी योग्य तापमानाला आणली जाते, मग सुटते. चार्ज आणि तापमान गौण असतं तर एवढा खटाटोप कशाला? आणि २०२३ ला टेस्लाच्या सायबरट्रकनं (हाही इलेक्ट्रिक ट्रक) एक पोर्शे कार मागं ओढत दुसऱ्या पोर्शेला हरवलं ते पाव मैल म्हणून सांगितलं, धाव होती त्याच्या निम्मी. निम्म्यात आणि पूर्णात काय फरक पडतो ते वर लिहिलंय.

स्ट्रॉबेरी_भिलार
तुम्ही सगळे कमी चार्जला घाबरताय, मला पूर्ण चार्जनं घाबरवलंय. घर वर, बाजार खाली. रात्रभर चार्जिंग, पहाटे १०० टक्के, माल भरला आणि पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणी घाट. पेडल सोडलं की गाडी स्वतः आवरायला पाहिजे, ती आवरेना, कारण भरलेल्या बॅटरीत रीजनची (गाडी आवरताना मोटर बनवते ती) वीज जाणार कुठं? निम्म्या घाटात ब्रेकचा जळका वास. कठड्याकडं थांबवून चाकाला हात नेला तर धग लांबूनच लागली. शेजारी पोरगं बसलेलं, मी काही बोललो नाही. वाईपर्यंत हात थरथरत होते.

घाटवाट
घाट माझाय. उतारावर वेग आधीच कमी ठेवायचा असतो, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नसतं. बॅटरीला दोष कशाला?

स्ट्रॉबेरी_भिलार
बावीस वर्षं हाच घाट डिझेलवर उतरलोय, दुसऱ्या गिअरमध्ये. या गाडीत गिअर कुठाय? गाडी देताना एकानं सांगितलं नाही की वरून पूर्ण भरून निघू नका. माझं चुकलं असं अजिबात म्हणू नका.

बेदाणा_तासगाव
त्यांचं बरोबर आहे. घाटवाट, प्रत्येक वेळी ड्रायव्हरलाच धरायचं हे शोरूमवाल्यांचं काम, आपलं नव्हे.

वायरमन_मिरज
पाचगणी ते वाई सहाशे मीटरच्या आसपास उतार. दोन टनांची भरलेली गाडी धरली तर हिशेबानं ३ युनिट. घर्षणात काही जाईल. २१ युनिटच्या बॅटरीत १५ टक्के जागा मोकळी ठेवली की ३ युनिट मावतात. ८५ ला चार्जर काढा. पहाटे थंडी असेल तर सेल वीज आत घ्यायलाही कुरकुरतात, पहिली दोन वळणं तरी ब्रेकवरच काढावी लागतील.

घाटवाट
गिअरचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मी वाईतूनच फिरतो, भरलेली गाडी घेऊन वरून कधी उतरलो नाही. पण सिग्नलवरचा पिकअप ३० टक्क्यांपर्यंत तोच राहतो, हे मी सोडणार नाही.

बेदाणा_तासगाव
३० पर्यंत कोण नाही म्हणतंय? तुम्ही १५ लिहिलं होतं.

स्ट्रॉबेरी_भिलार
आज ८५ ला निघालो. पहिली वळणं ब्रेकवर, मग गाडी पेडल सोडल्यावर आपोआप आवरत गेली. वाईत पोचलो तेव्हा ८९. चाकं हात लावण्याइतकी गार. पोरगं वाटेत झोपलं होतं.

घाटवाट
जुन्या कमेंटमधलं १५ खोडून ३० केलंय. बाकीचे शब्द तसेच आहेत.